चाई आणि पांढरा केस : भीती कशाची, आशा कशाची?

(वासणा, वडोदरा येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो वरवर पाहता क्षुल्लक वाटण्यासारखा आहे. या विकाराने मनुष्य दगावत नाही, अंथरुणाला खिळत नाही, त्याला ताप येत नाही की वेदना होत नाहीत. डोक्यावर, दाढीत किंवा भुवईत रुपयाएवढी जागा एके दिवशी गुळगुळीत झालेली आढळते, एवढेच. मराठीत आपण तिला ‘चाई’ म्हणतो. आपले गुजराती शेजारी तिला ‘उंदरी’ म्हणतात आणि त्या नावाबरोबर उंदराने कुरतडलेल्या जागेचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आयुर्वेदात तिला ‘इंद्रलुप्त’ असे भारदस्त नाव आहे. नावे अनेक असली तरी घरोघरी होणारी घालमेल एकच असते.

या घालमेलीचे दोन प्रसंग असतात. पहिला, केस जातात तेव्हाचा. दुसरा, केस परत येतात तेव्हाचा. पहिल्या प्रसंगी मनुष्य घाबरतो यात नवल नाही. परंतु दुसऱ्या प्रसंगी, म्हणजे ज्या वेळी आनंद मानावयाचा त्याच वेळी, पुष्कळ कुटुंबे अधिक घाबरतात. कारण परत येणारे केस बहुधा काळे नसतात, ते पांढरे असतात. बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा एक झुपका दिसू लागला की घरात कुजबुज सुरू होते : हे कोड तर नव्हे? हिला अकाली म्हातारपण आले काय? औषधाने उलटेच झाले काय? मग औषध थांबविले जाते, झुपका उपटला जातो किंवा रंगविला जातो आणि मुलीला लग्नसमारंभापासून व कधी कधी शाळेपासूनही दूर ठेवले जाते. या दुसऱ्या प्रसंगाविषयीच मला मुख्यतः बोलावयाचे आहे. तत्पूर्वी केस म्हणजे काय आणि त्याला रंग येतो कोठून, हे थोडे समजून घेऊ.

केस आणि त्याचा रंग

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांपैकी प्रत्येक केस कातडीतील एका बारीक खळग्यात उगवतो. या खळग्याला रोमकूप म्हणतात. रोमकूप विहिरीसारखा असतो. त्याच्या तळाशी एक छोटासा कंद असतो आणि केस घडविण्याचे सर्व काम त्या कंदात चालते. कातडीच्या वर जो केस दिसतो तो निर्जीव असतो. तो कापला तर दुखत नाही, कारण त्यात ना रक्त असते ना मज्जातंतू.

केस अखंड वाढत नाही. डोक्यावरचा एक केस साधारणपणे दोन ते सहा वर्षे वाढतो, नंतर दोन-तीन आठवड्यांत त्याचा कंद आक्रसतो आणि मग सुमारे तीन महिने तो विश्रांती घेतो. विश्रांती संपली की तो गळतो व त्याच रोमकूपातून नवा केस उगवतो. प्रत्येक केसाचे वेळापत्रक निराळे असल्यामुळे सर्व केस एकाच वेळी गळत नाहीत. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निसर्गक्रमातच बसते. वाढीचा वेग महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर असतो. हा आकडा आपण लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता रंगाकडे वळू. कंदात दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी काम करतात. एक केसाचा धागा विणतात व दुसऱ्या त्या धाग्यात रंग भरतात. या रंगाला मेलॅनिन म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत, एक काळा-तपकिरी व दुसरा तांबूस-पिवळा. आपल्याकडील बहुतेकांच्या केसांत पहिला प्रकार विपुल असतो. केस वाढत असतो तोवरच रंग भरण्याचे काम चालते. केस विश्रांतीला गेला की रंगाची ही यंत्रणा मोडली जाते आणि नव्या केसाच्या वेळी ती पुन्हा उभारावी लागते. यासाठी लागणाऱ्या राखीव रंगपेशी रोमकूपाच्या वरच्या भागात, कंदापासून दूर, बियाण्यासारख्या जपून ठेवलेल्या असतात. उंदरांवर प्रयोग करून जपानमधील संशोधकांनी हे २००२ साली दाखवून दिले. वाढत्या वयात केस पिकतात ते मुख्यतः हे बियाणे सरत गेल्यामुळे.

चाईत काय घडते?

शरीरात शिरणाऱ्या जंतूंचा नाश करणे हे आपल्या रक्तातील रक्षक पेशींचे काम आहे. परके कोण आणि आपले कोण, हे त्या ओळखतात. क्वचित या ओळखीत गफलत होते आणि रक्षकच घरच्यांवर उठतात. अशा विकारांना स्वप्रतिरक्षा विकार म्हणतात. चाई हा त्यांपैकी एक होय.

निरोगी अवस्थेत केसाचा कंद या रक्षक पेशींच्या टेहळणीपासून बराचसा मुक्त असतो. आपल्या गावाकडच्या देवराईत जशी कुऱ्हाड चालवावयाची नाही असा दंडक असतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. चाईमध्ये हा दंडक मोडतो. टी-पेशी नावाच्या रक्षक पेशी कंदाभोवती मधमाश्यांच्या मोहोळासारख्या गोळा होतात. त्यांतील नेमक्या कोणत्या पेशी हा हल्ला करतात आणि त्यांना चिथावणारे रासायनिक संदेश कोणते, हे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून बरेच स्पष्ट झाले. हल्ला झालेला केस मुळाशी बारीक होतो व तुटतो. चट्ट्याच्या कडेला असे काही आखूड केस दिसतात. ते वर जाड व खाली निमुळते, म्हणजे उद्गारचिन्हासारखे असतात.

येथे एक गोष्ट मोठ्या दिलाशाची आहे. हल्ला होतो तो तळाच्या कंदावर. वरच्या भागातील बियाणे बहुधा शाबूत राहते. भाजलेल्या किंवा जखमेच्या व्रणात रोमकूपच नष्ट झालेला असतो, तसे चाईत होत नाही. म्हणून चाईची कातडी गुळगुळीत दिसली तरी ती ओसाड नसते, पडीक असते. हल्ला थांबला की काही महिन्यांनी, आणि क्वचित काही वर्षांनीही, तिच्यात पुन्हा केस उगवू शकतात.

सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्ताचे वर्णन आहे. रोमकूपात शिरलेले पित्त वाताच्या साहाय्याने केस पाडते आणि नंतर रक्तासह कफ रोमकूपांची तोंडे अडवितो, त्यामुळे नवे केस उगवत नाहीत, असा त्याचा आशय आहे. आजची परिभाषा निराळी आहे. तथापि बिघाड रोमकूपाच्या आत आहे, बाहेरच्या किड्यात किंवा उंदरात नाही, हे आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी ओळखले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हा विकार दुर्मिळ नाही. जगभरच्या अभ्यासांवरून असे दिसते की शंभरांपैकी सुमारे दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत दहा वर्षे चाललेला ८०८ रुग्णांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. तेथे येणाऱ्या नव्या त्वचारुग्णांत हजारी सात रुग्ण चाईचे होते. हा विकार स्त्री, पुरुष, बालक कोणालाही होतो. काही कुटुंबांत तो एकाहून अधिक जणांना झालेला आढळतो. थायरॉईडचे विकार, कोड, दमा किंवा इसब यांच्याशी त्याचे नाते दिसून येते. मानसिक ताणाने तो बळावत असेल, परंतु ‘परीक्षेची धास्ती घेतली म्हणून’ किंवा ‘आईने बोलून बोलून केस घालविले’ असा दोष कोणाच्या माथी मारण्यास आधार नाही.

पांढरा केस का येतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हल्ला ओसरला, रोमकूप जागा झाला, तरी पहिला केस पांढरा का?

एखाद्या विणकराच्या घरावर संकट येऊन माग बंद पडला आहे, अशी कल्पना करा. संकट सरल्यावर विणकर प्रथम परततो आणि माग सुरू करतो. रंगारी मात्र अजून आलेला नसतो. पहिले कापड बिनरंगाचेच निघणार. रोमकूपातही असेच घडते. धागा विणणाऱ्या पेशी लवकर कामाला लागतात. रंगपेशींना वरच्या बियाण्यापासून नव्याने तयार होऊन, कंदापर्यंत उतरून, काम सुरू करण्यास अधिक अवधी लागतो. तोपर्यंत उगवणारा केस मऊ, बारीक आणि पांढरा असतो.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. या हल्ल्याचा रोख बऱ्याच अंशी रंगाकडेच असावा, असे मानण्यास जागा आहे. चट्ट्यातील काळे केस गळून जातात व आधीपासून असलेले पांढरे केस पुष्कळदा तसेच उभे राहतात, हे वैद्यांनी वारंवार पाहिले आहे. इस्राएलमधील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की रंगपेशींशी निगडित असलेले काही प्रथिनांश रक्षक पेशींना हल्ल्यासाठी प्रवृत्त करू शकतात. याचा अर्थ असा, की पांढरा केस हल्लेखोरांच्या डोळ्यांत सहसा भरत नाही. म्हणून तो आधी उगवू शकतो व टिकू शकतो.

यावरून एका जुन्या कोड्याचाही उलगडा होतो. मोठ्या धक्क्याने एका रात्रीत केस पांढरे झाल्याच्या कथा सर्व देशांत आहेत. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्याविषयी अशी आख्यायिका आहे. इ. स. १६३१ मध्ये मुमताजमहलच्या मृत्यूनंतर शाहजहान बादशहाची दाढी थोड्या दिवसांतच बरीचशी पांढरी झाली, असे दरबारी इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. परंतु आताच आपण पाहिले की कातडीबाहेरचा केस निर्जीव असतो. एकदा भरलेला रंग त्यातून रातोरात निघून जाऊ शकत नाही. मग हे घडते कसे? काळ्या-पांढऱ्या मिश्र केसांच्या माणसाला सर्व डोकेभर चाईचा झटका आला, तर काळे केस झपाट्याने गळतात आणि पांढरे तेवढे मागे राहतात. पाहणाऱ्याला वाटते, केस पांढरे झाले. वस्तुतः काळे केस गेलेले असतात. बादशहाच्या बाबतीत तसेच झाले असे आज कोणी सिद्ध करू शकणार नाही, परंतु अशा कथांचा हा एक सयुक्तिक अर्थ आहे.

रंग परत येतो काय?

बहुसंख्य रुग्णांत येतो. रंगारी कामावर रुजू झाला की त्याच केसाचा पुढचा, म्हणजे मुळाकडचा भाग हळूहळू गडद होऊ लागतो. काही वेळा केस नीट न्याहाळला तर त्याचे टोक पांढरे, मधला भाग तपकिरी आणि बुंधा काळा दिसतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, हे आपण पाहिले. तेव्हा टोकाला दोन सेंटिमीटर पांढरेपणा असेल तर रंगारी सुमारे दोन महिने उशिरा आला, असा हिशेब मांडता येईल. अशा केसाचे टोक कापले गेले की पांढरेपणाही गेला.

सर्वांच्या बाबतीत असेच घडते असे मात्र नाही. काहींचे केस पहिल्या वाढीत पांढरेच राहतात व पुढच्या फेऱ्यात काळे येतात. काहींचा झुपका कायमचा पांढरा राहतो. काहींचे केस पूर्वीपेक्षा किंचित फिकट किंवा तपकिरी येतात. कोणाच्या डोक्यावर काय होईल, हे आधी सांगण्याचे साधन अद्याप हाती आलेले नाही. म्हणून ‘केस काळेच उगवतील’ अशी हमी देणाऱ्यांपासून सावध राहावे.

परंतु एक गोष्ट निश्चित सांगता येते. चाईच्या जागी आलेला पांढरा केस हा नवा रोग नव्हे. रोमकूप जिवंत आहे व कामाला लागला आहे, याची ती खूण आहे. पाऊस पडल्यावर शेतात प्रथम दिसणारा अंकुर फिकटच असतो. तो फिकट आहे म्हणून कोणी उपटून टाकीत नाही.

हे चाई नव्हे, ते कसे ओळखावे?

केस गेले म्हणजे चाईच, असे समजू नये. केसांचा रंग बदलण्याचीही इतर कारणे आहेत. त्यांतील काहींवर वेळेवर उपचार न झाल्यास मोठे नुकसान होते. म्हणून शिक्षकांनी व आरोग्य कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

मुलाच्या डोक्यावरील चट्ट्यात कोंडा, खवले, पू किंवा खाज असेल आणि केस तुटलेले असतील, तर तो नायटा असण्याचा संभव आहे. नायटा बुरशीमुळे होतो आणि फणी, टोपी, टॉवेल यांतून पसरतो. त्याला पोटात घेण्याचे औषध लागते. चाई मात्र संसर्गजन्य नाही. चाई असलेल्या मुलाच्या शेजारी बसल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने किंवा त्याची टोपी घातल्याने ती होत नाही.

चट्ट्याची कातडी फिकट किंवा लालसर असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, अथवा दोन्ही भुवयांचे बाहेरच्या बाजूचे केस विरळ होत असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी तातडीने करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते आणि त्याने रोग पूर्ण बरा होतो. चाईच्या जागी स्पर्शज्ञान उत्तम असते.

कोडामध्ये सामान्यतः केसाखालची कातडीही पांढरी झालेली असते. चाईनंतर आलेल्या पांढऱ्या केसांखालची कातडी आपल्या मूळ रंगाचीच राहते. केस बाजूला सारून चांगल्या उजेडात पाहिले तर हा फरक घरातही कळतो. शंका वाटल्यास डॉक्टरांस विचारावे. आणि समजा कोड असलेच, तरी तेही स्पर्शाने पसरत नाही आणि तो कोणाचा दोषही नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

लहान बालकाचे सर्वच केस विरळ, निस्तेज व तांबूस झाले असतील, तर त्याच्या ताटाकडे पाहावे. प्रथिनांच्या तीव्र अभावात केसांचा रंग उतरतो. पोषण सुधारले की पुन्हा काळा केस उगवतो आणि एकाच केसावर फिकट व गडद पट्टे दिसतात. ब-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही केस अकाली पिकू शकतात.

अखेरीस, एकाच गावात एकाच सुमारास अनेकांचे केस गळू लागले तर ती चाई नव्हे, असे समजून आरोग्य खात्यास ताबडतोब कळवावे. महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून जानेवारी २०२५ पर्यंत असेच घडले. अनेक गावांतील शेकडो लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकाने तेथे येऊन नमुने घेतले. महाडचे ज्येष्ठ वैद्य डॉ. हिंमतराव बावसकर यांनी स्वतः तपासणी करून असे मत मांडले, की तेथे खाण्यात आलेल्या गव्हात सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण अतिशय जास्त होते. त्या गावांत लोकांनी लाजेने डोकी भादरून घेतली, ठरलेली लग्ने मोडली आणि कोणाचे शिक्षण खंडित झाले, असेही वृत्त आले. कारण कोणतेही असो, केस जाण्याची सामाजिक किंमत केसांपेक्षा किती मोठी असते, हे त्यावरून कळते.

उपचार : काय करावे व काय करू नये

एखाद-दुसरा लहान चट्टा असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांत एका वर्षाच्या आत केस आपोआप परत येतात. या नैसर्गिक सुधारणेचे श्रेय त्या काळात जे काही चोळले असेल त्यास मिळते. कांदा, लसूण किंवा अन्य लेपांची कीर्ती बरीचशी अशीच झालेली आहे. कांद्याचा रस चोळल्याने फारसे नुकसान होत नाही. परंतु बिब्ब्याचे तेल लावल्याने कातडी पोळते, फोड येतात व व्रण पडतो. व्रणात रोमकूप कायमचा जातो. निसर्गाने जे शाबूत ठेवले होते ते आपण आपल्या हाताने जाळतो. म्हणून बिब्बा, तेजाब किंवा ब्लेडने ओरखडे काढणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत.

चट्टा वाढत असेल, अनेक चट्टे पडत असतील, भुवया किंवा पापण्या जात असतील, नखांवर बारीक खळगे दिसत असतील अथवा मुलाच्या डोक्याच्या मागच्या कडेने पट्ट्यासारखे केस जात असतील, तर थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे व तेथून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. वडोदऱ्यात सर सयाजीराव रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. मर्यादित चट्ट्यांसाठी तज्ज्ञ डॉक्टर स्टेरॉईडची बारीक इंजेक्शने चट्ट्याच्या कातडीत देतात. ही इंजेक्शने सहसा चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दिली जातात. लहान मुलांना लावावयाचे मलम दिले जाते. दुकानातून स्वतःच स्टेरॉईडचे मलम आणून महिनोन् महिने चोळू नये. त्याने कातडी पातळ होते.

तीव्र स्वरूपाच्या चाईसाठी अलीकडे नवी औषधे निघाली आहेत. रक्षक पेशींना चिथावणारे रासायनिक संदेश ती अडवितात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जून २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब हे औषध प्रौढांसाठी आणि जून २०२३ मध्ये रिटलेसिटिनिब हे औषध बारा वर्षांवरील रुग्णांसाठी संमत केले. ज्यांचे डोके वर्षानुवर्षे उघडे होते अशांपैकी काहींना या औषधांनी केस परत आले. परंतु ही औषधे प्रतिकारशक्तीलाच लगाम घालणारी आहेत. आपल्या देशात क्षयरोग सुप्त अवस्थेत पुष्कळांच्या शरीरात असतो, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची व रक्ताची तपासणी आवश्यक ठरते. औषध थांबविल्यावर केस पुन्हा जाऊ शकतात. ती महागही आहेत. तेव्हा हा निर्णय तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावा.

पांढरे केस आले म्हणून चालू उपचार थांबवू नये. पांढरा झुपका उपटू नये. तो लपवावासा वाटला तर त्यात गैर काही नाही, पण केसांचा काळा रंग जपून वापरावा. अशा रंगांत पॅराफिनिलीनडायअमिन हे द्रव्य बहुधा असते व त्याने काहींच्या डोक्यास, डोळ्यांस तीव्र सूज येते. ‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पुडीतही ते असू शकते. आधी कानामागे थोडासा लावून दोन दिवस वाट पाहावी. लहान मुलांना तो लावूच नये. साधी मेंदी तुलनेने निर्धोक आहे. तिने पांढरा केस तांबूस दिसेल, इतकेच.

चाई बरी झाल्यावरही पुन्हा होण्याचा संभव असतो. हे ऐकून निराश होऊ नये. पूर्वी केस परत आले होते, तसे ते पुन्हाही येऊ शकतात.

आपणा सर्वांचे कर्तव्य

महाराजा सयाजीरावांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, शाळेत आलेच पाहिजे, हा त्यामागील आग्रह होता. ज्या भूमीत हा कायदा झाला त्या भूमीत डोक्यावरच्या एका चट्ट्यापायी किंवा पांढऱ्या झुपक्यापायी एखादी मुलगी घरी बसावी, हे आपणास शोभणारे नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की अशा मुलास टोपी किंवा रुमाल बांधून बसण्याची परवानगी विनासायास द्यावी. वर्गाला दोन वाक्यांत सांगावे की हे संसर्गजन्य नाही. टोपणनावे ठेवणाऱ्यास वेळीच समज द्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येईल तेव्हा मुलास पुढे करावे. लपवून ठेवू नये. अधिकाऱ्यांनी आरोग्य कार्यकर्त्यांच्या बैठकीत चाई, नायटा, कोड व कुष्ठ यांतील भेद सांगण्यास अर्धा तास राखून ठेवावा. त्या अर्ध्या तासाने एखादा कुष्ठरुग्ण वेळीच सापडेल आणि अनेक निरोगी मुलांवरचा खोटा शिक्का पुसला जाईल.

गावातील नाभिक बंधूंचे या कामी मोठे साहाय्य होऊ शकते. डोक्याच्या मागील बाजूचा चट्टा पुष्कळदा प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडतो. त्यांनी चारचौघांत न बोलता गिऱ्हाइकास एकांतात सांगावे व दवाखान्याची वाट दाखवावी. हत्यारे व फण्या स्वच्छ ठेवाव्यात, त्या चाईसाठी नव्हे, तर नायट्यासारख्या इतर रोगांसाठी.

वडीलधाऱ्या मंडळींना एवढेच सांगावयाचे आहे की सोयरीक जुळविताना केसांचा एक पांढरा झुपका हे वैगुण्य समजू नये. अमेरिकेच्या संसदेच्या सदस्य आयाना प्रेस्ली यांनी जानेवारी २०२० मध्ये आपले केस चाईने पूर्णपणे गेल्याचे स्वतः जाहीर केले आणि त्या आपले काम उघड्या डोक्याने करीत राहिल्या. सर्वांना असे धैर्य होईल असे नाही, व तशी अपेक्षाही करू नये. मात्र ज्यांना झाकावेसे वाटते त्यांना झाकू द्यावे आणि ज्यांना झाकावयाचे नाही त्यांच्याकडे टक लावून पाहू नये, एवढे आपल्या हाती आहे.

येथून परत गेल्यावर आपल्या शेजारी, नात्यात किंवा वर्गात एखाद्या चट्ट्यावर पांढरी लव दिसली, तर त्या घरी जाऊन कृपया इतकेच सांगा : केस परत येऊ लागले आहेत, त्यांना वाढू द्या, रंगासाठी काही महिने थांबा आणि औषध चालू ठेवा. हे सांगण्यास पदवी लागत नाही, पैसाही लागत नाही. आणि त्यामुळे एखादी मुलगी उद्या शाळेत गेली, तर आजच्या या बैठकीचे सार्थक झाले, असे मी समजेन.